नगरचा किल्ला आणि सरदारांचे पथ्य

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याचे नाव निघाले की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक, चांदबिबीने मोगलांशी दिलेली झुंज. आणि दुसरी, पंडित नेहरूंनी १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत येथे लिहिलेले 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'. छोडो भारत ठरावानंतर काँग्रेस कार्यसमितीचे जे बारा नेते या किल्ल्यात स्थानबद्ध होते, त्यांच्यापैकी अनेकांनी या सक्तीच्या फुरसतीचे सोने केले. मौलाना आझादांनी कधीच न पाठवलेली पत्रे लिहिली आणि त्यांचे 'गुबार-ए-खातिर' झाले. आचार्य नरेंद्र देव दम्याने बेजार असूनही बौद्ध तत्त्वज्ञानातील 'अभिधर्मकोशा'वर काम करत राहिले. पट्टाभि सीतारामय्या आणि हरेकृष्ण महताब यांच्याही लेखणीला येथे खंड पडला नाही. किल्ल्याचा हा वाङ्मयीन इतिहास सुपरिचित आहे आणि नगरकरांना त्याचा रास्त अभिमान आहे.

सरदार वल्लभभाई पटेलांनी मात्र या काळात कोणताही ग्रंथ लिहिला नाही. किल्ल्यात आले तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते आणि बरोबर एक जुने दुखणे घेऊन आले होते. ते दुखणे आतड्यांचे होते. ग्रंथांचा इतिहास लिहिला जातो, दुखण्यांचा लिहिला जात नाही. त्यातून पोटाच्या दुखण्याचा तर नाहीच. चारचौघांत त्याचा उच्चार करणे आपल्याकडे असभ्य समजले जाते, आणि थोर पुरुषांच्या चरित्रात ते फार तर एका वाक्यात उरकले जाते. वर्षानुवर्षे बिघडलेले आतडे सांभाळत जगणे म्हणजे काय, याविषयी या किल्ल्याच्या कहाणीतून बरेच शिकण्यासारखे आहे असे आम्हांस वाटते. म्हणून हा प्रपंच.

प्रारंभ एका पत्रापासून करू. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. सर्वांना एका खास गाडीने नेण्यात आले. गांधीजींना चिंचवड येथे उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि कार्यसमितीचे सदस्य नगरकडे रवाना झाले. दुसऱ्याच दिवशी, १० ऑगस्टला, गांधीजींनी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांना पत्र लिहिले. देशभर वणवा पेटत असताना, तुरुंगातून सरकारला लिहिलेल्या त्या पहिल्या पत्रात त्यांनी वर्तमानपत्रांची मागणी केली, एका सहबंद्याला मिळालेल्या वागणुकीविषयी तक्रार केली आणि सरदारांच्या आतड्यांविषयीही लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: सरदारांच्या आतड्यांनी मागच्या कारावासात जी हाय खाल्ली, त्यातून ते पुरते सावरलेच नाहीत, सुटल्यापासून त्यांच्या आहाराची व्यवस्था मी जातीने पाहत आलो आहे, त्यांची कन्या ही त्यांची वाटाडी आणि स्वयंपाकीण आहे, तेव्हा पितापुत्री दोघांनाही माझ्याजवळ ठेवावे.

ही विनंती मान्य झाली नाही. सरदार नगरला राहिले. मणिबेननाही याच आंदोलनात कारावास झाला, पण तो येरवड्याला. गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये. आजारी माणूस, त्याचा आहार ठरवणारा आणि तो आहार रांधून पुढे ठेवणारी, अशी तिघे तीन ठिकाणी गेली. औषध बंद झाले नसेल, वैद्यकीय तपासणीही होत असेल. परंतु या प्रकारच्या आजारात ज्यावर माणूस खरोखर तगून असतो ती वस्तू सरकारने एका हुकमाने काढून घेतली होती. तिला आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे: पथ्य.

गांधीजी आणि सरदार यांचे हे पोटाचे नाते जुने होते, आणि त्याची सुरुवात उलट्या बाजूने झाली होती. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी दोघे गावोगाव हिंडत असताना गांधीजींना आमांशाने गाठले. आपल्या आत्मकथेत त्यांनी या दुखण्याचे वर्णन विस्ताराने व कोणताही आडपडदा न ठेवता केले आहे. एका रात्री आपला अंत जवळ आला असे त्यांना वाटले. वल्लभभाई डॉक्टर कानुगांना घेऊन आले. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि सांगितले की नाडी उत्तम आहे, धोका मुळीच नाही. अतिशय अशक्तपणामुळे मज्जातंतू खचले आहेत, इतकेच. गांधीजी लिहितात की एवढे ऐकूनही त्यांच्या मनाला धीर आला नाही, आणि ती रात्र त्यांनी जवळजवळ जागून काढली.

आतड्याच्या जुनाट दुखण्याने त्रस्त असलेला कोणीही वाचक हा प्रसंग लगेच ओळखील. तपासणारा म्हणतो, काही नाही. सोसणाऱ्याला मात्र काहीतरी आहे हे पक्के ठाऊक असते. दोघेही आपापल्या जागी खरे असतात, आणि दोघांच्या मधली जागा हीच या आजाराची खरी जागा.

पुढे १९३२-३३ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात दोघे सोळा महिने एकत्र होते. तेथील दिनक्रम महादेवभाई देसाईंच्या रोजनिशीत सापडतो. चहाचे शौकीन वल्लभभाई चहा सोडून गांधीजींच्या आहाराच्या शिस्तीत आले. फळे कापणे, पेय तयार करणे ही कामे त्यांनी आपणहून अंगावर घेतली. गांधीजींचा खाण्याच्या सोड्यावर भारी विश्वास. त्यावरून वल्लभभाईंनी विनोदच करून ठेवला होता. कोणतीही अडचण निघो, त्यांचा सल्ला एकच, त्यात सोडा घाला! पोटाच्या तक्रारीवर हसता येणे हे त्या तक्रारीसह जगण्याचे पहिले लक्षण होय, आणि हसायला बरोबर कोणीतरी असावे लागते.

नोव्हेंबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहात सरदारांना पुन्हा अटक झाली. या कारावासात आतड्यांचा त्रास इतका बळावला की ऑगस्ट १९४१ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून त्यांना सोडावे लागले. गव्हर्नरला लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी उल्लेख केला तो याच कारावासाचा. त्यानंतर वर्ष उलटते न उलटते तोच नगरचा किल्ला आला.

या दुखण्याला आज काय नाव दिले असते? हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याचे उत्तर देण्याची घाई आम्ही करणार नाही. पासष्टीच्या माणसाला असा त्रास झाला तर आजचा डॉक्टर रक्ताच्या व शौचाच्या तपासण्या आणि दुर्बिणीने मोठ्या आतड्याची पाहणी केल्यावाचून कोणतेही निरुपद्रवी नाव उच्चारणार नाही, आणि ते योग्यच होय. ऐंशी वर्षांपूर्वीच्या रुग्णाला आजचे लेबल चिकटवणे हा इतिहास नव्हे. मात्र त्या काळातील वैद्यक अशा दुखण्यांकडे कसे पाहत होते, हे पाहण्यासारखे आहे.

पोटात कळ येणे, मुरडा धरणे, कधी बद्धकोष्ठ तर कधी ढाळ, शौचातून आव पडणे, आणि इतके होऊनही आतड्यात जखम, गाठ वा सूज न सापडणे, हा लक्षणसमूह युरोपीय वैद्यांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ च्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात त्याला म्युकस कोलायटिस, म्हणजे आवेचा बृहदांत्रदाह, असे नाव आहे. दाह नसतानाही दाहाचे नाव! पुढे स्पास्टिक कोलन, म्हणजे आकसणारे आतडे, हा शब्द आला. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम हे आज सर्वत्र रूढ असलेले नाव पीटर्स आणि बार्गेन या अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकात वापरले ते १९४४ साली. नेहरू किल्ल्यात ग्रंथ लिहीत होते, त्याच साली. मराठीत त्याला क्षोभी आतडे म्हणता येईल. रुग्ण मात्र आयबीएस या तीन अक्षरांनीच ओळखतात.

१९६२ साली ऑक्सफर्डच्या चौधरी आणि ट्रुलव्ह यांनी अशा १३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत दुखण्याची सुरुवात आमांशासारख्या संसर्गानंतर झाली होती. संसर्ग जातो, आतडे मात्र त्याची आठवण ठेवते. आमांश ज्या देशात घरोघरचा पाहुणा होता तेथे या निरीक्षणाचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको. १९७८ मध्ये मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी निदानाची पहिली लक्षणसूची दिली. पुढे रोम येथील तज्ज्ञसमूहाचे निकष आले, त्यांची चौथी आवृत्ती २०१६ ची. त्यानुसार गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखणे, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वारंवारतेशी किंवा त्याच्या स्वरूपाशी संबंध असणे, यांवरून निदान होते. यांपैकी किमान दोन संबंध असावेत, आणि तक्रारीची सुरुवात सहा महिन्यांपूर्वी झालेली असावी. रक्त पडणे, वजन घटणे, पंडुरोग, ताप, झोपेतून उठवणारे ढाळ, किंवा उतारवयात प्रथमच सुरू झालेली तक्रार ही मात्र वेगळ्या तपासाची लक्षणे मानली जातात.

याच आवृत्तीत या साऱ्या विकारांना आतडे आणि मेंदू यांच्यातील देवघेवीचे विकार असे म्हटले आहे. हा बदल केवळ शब्दांचा नव्हे. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे स्वतःचे दाट जाळे असते. त्याचा मेंदूशी अखंड संवाद चालू असतो. या संवादात बिघाड झाला की निरोगी माणसाला जाणवणारही नाही एवढा वायूचा ताण रुग्णाला कळ म्हणून जाणवतो, आणि काळजीचा एक विचार आतड्याची हालचाल बदलून टाकतो. दुखणे मनाचे की शरीराचे, हा जुना वाद येथे निकाली निघतो. डॉक्टर कानुगांना मज्जातंतूंचा संशय आला होता आणि गांधीजींना पोटात यातना होत होत्या. आज दोघांनाही एकाच चित्रात जागा आहे.

आयुर्वेदाने हे चित्र आपल्या परीने रेखाटले होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीदोषावर स्वतंत्र अध्याय आहे. अन्नाचे ग्रहण करणारे आणि अग्नीच्या बळावर ते धारण करणारे ते ग्रहणी. अग्नी मंदावला की ती कधी पक्व तर कधी अपक्व अन्न सोडून देते. या विकारात ताकाची जी थोरवी तेथे गायली आहे, ती मराठी स्वयंपाकघराने अजून विसरलेली नाही. ग्रहणी म्हणजेच आयबीएस असे समीकरण मांडणे उतावीळपणाचे होईल. पण चिकित्सेचा भर औषधाइतकाच आहारविहारावर ठेवावा, ही दृष्टी दोन्हीकडे सारखी आहे हे निश्चित.

नगरच्या किल्ल्यात सरदारांचे दिवस जात होते तेव्हा आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी नेमके याच विषयावर लिहीत होते. २८ ऑगस्ट ते १८ डिसेंबर १९४२ या काळात त्यांनी गुजरातीत आरोग्यावरील छोटे पुस्तक लिहिले, तेच पुढे 'आरोग्याची गुरुकिल्ली' म्हणून प्रसिद्ध झाले. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, मसाल्यांना फाटा, जिभेसाठी न खाता देहासाठी खाणे, असा त्यातला उपदेश. ज्याच्या आहाराची चिंता त्यांनी गव्हर्नरला कळवली होती तो रुग्ण त्यांच्यापासून शंभर किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर होता, आणि त्याच्यापर्यंत हा उपदेश पोचवण्याची सोय नव्हती. किल्ल्यातील बंद्यांना सुरुवातीला वर्तमानपत्रे नव्हती, पत्रेही नव्हती. त्यांना कोठे ठेवले आहे हेदेखील गुप्त होते. पुढे पत्रांची परवानगी मिळाली ती निकटच्या नातलगांपुरती. आझादांची पत्नी एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात वारली तेव्हा ते तिच्याजवळ जाऊ शकले नाहीत. या पार्श्वभूमीवर कोणाच्या पोटाची तक्रार क्षुल्लक वाटेल. परंतु दीर्घ आजाराचे दुःख असेच असते. मोठ्या दुःखांच्या रांगेत उभे राहण्याची त्याला लाज वाटते, आणि तरीही ते रोज असते.

सुमारे दोन वर्षे आठ महिन्यांनंतर, १९४५ च्या वसंतात, किल्ला रिकामा झाला. सरदारांना येरवड्याला हलवले व १५ जून १९४५ रोजी त्यांची सुटका झाली. त्यानंतर गांधीजी त्यांना घेऊन पुण्यास डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात राहिले. ऑगस्टपासून पुढे काही महिने हा मुक्काम होता. देशाचे भवितव्य ठरवणाऱ्या वाटाघाटींच्या धामधुमीत दोन वृद्ध नेते आतड्याच्या उपचारासाठी एकाच ठिकाणी राहतात, ही गोष्ट आज कोणाला विचित्र वाटेल. ऑगस्ट १९४२ मध्ये जे मागितले होते ते या मुक्कामात तीन वर्षांनी मिळाले, एवढाच तिचा अर्थ. पुढे मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी पुण्याजवळ उरुळी कांचन येथे खेड्यातील गरिबांसाठी निसर्गोपचाराचे काम सुरू केले.

सरदार पूर्ण बरे झाले नाहीत. पोटाची तक्रार त्यांच्या अखेरच्या वर्षांतही सोबतीला होती. मार्च १९४८ मध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. या दोन टोकांच्या मधे संस्थानांच्या विलीनीकरणाचे प्रचंड काम उभे आहे. ते दुखण्यावर मात करून झाले असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. आम्हांस ते शब्द खटकतात. मात झालीच नव्हती. दुखणे होते आणि कामही होते. दोन्ही एकाच दिवसात बसवणारी एक व्यवस्था होती, आणि त्या व्यवस्थेचे नाव मणिबेन. वडिलांच्या वस्त्रांसाठी सूत कातणारी, त्यांचे जेवणखाण व भेटीगाठी सांभाळणारी आणि हे सारे करता करता रोजनिशी लिहिणारी ही स्त्री 'सरदारांची कन्या' म्हणून ओळखली जाते. गांधीजींनी तिला वाटाडी आणि स्वयंपाकीण म्हटले तेव्हा त्यांनी तिचे अचूक वर्णन केले होते. सरकारला त्या शब्दांचे वजन कळले नाही, किंवा कळले म्हणूनच विनंती नाकारली गेली.

येथून आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे (२०२४ मध्ये हे नामांतर झाले) यायला फार चालावे लागत नाही. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि नेत्यांच्या खोल्या स्मारक म्हणून जपल्या आहेत. त्याच्या आसपासच्या कोणत्याही दवाखान्यात पोटाच्या जुन्या तक्रारीची माणसे बसलेली दिसतात. हातात तपासण्यांची जाड पिशवी, आणि प्रत्येक कागदावर सारे ठीक असल्याचा निर्वाळा. 'रिपोर्ट नॉर्मल' हे शब्द ऐकून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि रुग्ण एकटा पडतो. आता त्याच्या दुखण्याला घरातही साक्षीदार उरत नाही.

उपाय आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. इसबगोलासारखा पाण्यात फुगणारा तंतू, पेपरमिंटचे तेल, मुरडा शमवणारी औषधे, वेदनेचा संदेश मंद करण्यासाठी अल्प मात्रेत दिली जाणारी नैराश्यावरची औषधे, मानसोपचाराच्या काही पद्धती. हे सारे डॉक्टरांच्या सल्ल्याने. आहाराच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास मांडलेली फॉडमॅपची कल्पना महत्त्वाची ठरली. आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या व आंबून वायू करणाऱ्या काही शर्करा असतात. त्या गहू, कांदा, लसूण, कडधान्ये आणि काहींच्या बाबतीत दूध यांतून येतात. काही आठवडे त्या कमी करायच्या, मग एकेक परत आणून पाहायची, आणि शेवटी आपल्यापुरती यादी ठरवायची. जन्मभर सारेच वर्ज्य करणे त्यात अभिप्रेत नाही.

नगरच्या ताटाला ही परीक्षा सोपी आणि अवघड दोन्ही आहे. ज्वारीच्या भाकरीत गव्हाच्या मानाने त्या शर्करा कमी, तेव्हा आजीची भाकरी नातवाच्या चपातीपेक्षा पोटाला बरी ठरण्याचा संभव आहे. पण हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, कांदालसणाचे वाटण? ते ज्याला सोसत नाही त्याच्यासाठी वेगळे भांडे चुलीवर चढवावे लागते. ते कोण चढवणार, हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात नसतो. रुग्ण पुरुष असेल तर घरातील बाई चढवते. रुग्ण ती स्वतःच असेल तर बहुधा कोणीच चढवत नाही. सर्वांसाठी केले तेच ती खाते, आणि पोट धरून पाथर्डी किंवा शेवगावच्या एसटीत बसते, जिथे वाटेत उतरण्याची सोय नाही. तेव्हा निघण्याआधी उपाशी राहणे हेच तिचे पथ्य होऊन बसते.

पथ्य या शब्दाचे मूळ पथ, म्हणजे वाट. वाटेला धरून असलेले ते पथ्य. गांधीजींनी मणिबेनना वाटाडी म्हटले तेव्हा हे मूळ त्यांच्या मनात असो वा नसो, अर्थ तोच होता. या आजारात आतड्याला सवयीचा रस्ता हवा असतो. ठरलेली वेळ, ठरलेले अन्न, पुरेशी झोप, आणि दुखते म्हटल्यावर खरे मानणारे एक माणूस. पहिल्या तीन गोष्टी रुग्ण स्वतः मिळवू शकतो. चौथी मागून घ्यावी लागते. गांधीजींसारख्या माणसाने ती दुसऱ्यासाठी, चक्क मुंबईच्या गव्हर्नरकडे, संकोच न बाळगता मागितली. आपल्या घरातल्या कोणासाठी, विशेषतः आपल्यासाठी आजवर भांडे चढवीत आलेल्या बाईसाठी, ती मागावी लागू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.